इंटरनॅशनल शाळेची फी: आधी पाच वर्षांची बेरीज, मग प्रवेश

मी रत्नागिरीत आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात हिशेब बघते. एप्रिल-मेमध्ये बागायतदार गाडी घेऊन फाटकाशी आला की पहिला प्रश्न दराचा असतो. पण जाणता माणूस दर ऐकून थांबत नाही. तो काट्याजवळ उभा राहतो, क्रेटचं वजन किती वजा केलं ते बघतो, डागी म्हणून किती आंबा बाजूला काढला ते मोजतो आणि मग पावती खिशात घालतो. लेकीला शाळेत घालताना मी मात्र नुसता दर विचारला. "वर्षाला साठ हजार," असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. घरी येऊन मी पाचाने गुणलं, बोटीवर असलेल्या नवऱ्याला फोन केला आणि पहिली ते पाचवी तीन लाखांत होतंय असं आम्ही दोघं धरून चाललो.

पहिल्याच वर्षी एक लाख पस्तीस हजार गेले. मुलगी आता तिसरीत आहे, आणि दुसऱ्या शाळेत आहे. मधल्या काळात मी एकूण चार शाळांचे कागद वाचले आणि आमच्या वाडीतल्या बऱ्याच घरांना बेरजा करून दिल्या. आता माझी धाकटी जाऊ तिच्या मुलासाठी शाळा बघते आहे. तिला पडवीत बसून जे सांगितलं, तेच इथे नीट लिहून काढते.

पाटीवरचा शब्द आणि मागचं मंडळ

"इंटरनॅशनल" हा शब्द शाळेच्या नावाचा भाग आहे. त्यावरून आत काय शिकवतात ते कळत नाही. मी पाहिलेल्या चार शाळांच्या पाटीवर तो शब्द होता. त्यांतल्या दोन सीबीएसईच्या निघाल्या. तिसरीचं उत्तर होतं, "प्रस्ताव गेलाय, येईलच मान्यता." चौथीच तेवढी केंब्रिजची होती, आणि ती पनवेलकडची, आम्ही तिकडे बिऱ्हाड हलवायचा विचार करत होतो तेव्हा पाहिलेली. सीबीएसईची शाळा वाईट असं मी म्हणत नाही, माझी मुलगी आज सीबीएसईतच आहे. पण सीबीएसई शिकवून केंब्रिजच्या तोऱ्यात फी घेतली जात असेल, तर ते आपल्याला आधी कळायला हवं.

ज्यांना खरोखर आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम म्हणता येईल असे आपल्याकडे मुख्यतः दोन. एक आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॅरिएट, १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेली संस्था. तिचा प्राथमिक कार्यक्रम १९९७ पासून आहे, त्याला पीवायपी म्हणतात, आणि तो वय ३ ते १२ साठी आहे. त्यात विषयांच्या भिंती थोड्या पाडून सहा व्यापक सूत्रांभोवती शिकवतात. बाहेरची परीक्षा नसते, शेवटच्या वर्षी मुलं एक मोठा प्रकल्प मांडतात. दुसरा केंब्रिज प्रायमरी, साधारण वय ५ ते ११, सहा टप्पे. शेवटी चेकपॉइंट नावाची चाचणी शाळा घेऊ शकते. ती घेणार का आणि तिचे पैसे वेगळे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा.

तपासायला फार वेळ लागत नाही. आयबी आणि केंब्रिज दोघांच्याही संकेतस्थळांवर शाळा शोधायची सोय आहे, तिथे शाळेचं नाव आणि गाव टाका. सीबीएसईच्या संलग्न शाळांची यादीही मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. शाळेकडून संलग्नता क्रमांक घ्या आणि तो तिथे जुळतो का बघा. आयबीच्या बाबतीत "कँडिडेट स्कूल" असे शब्द दिसले, तर ती शाळा अजून उमेदवार आहे, मान्यता मिळालेली नाही. या दोन्ही परदेशी संस्था शाळेकडून वार्षिक शुल्क घेतात, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा खर्चही असतो. तो शेवटी आपल्याच पावतीत उतरतो. म्हणून त्या शाळा महाग असण्याला काही कारण तरी आहे. पाटीवर नुसता शब्द रंगवलेल्या शाळेला ते कारण सांगता येत नाही.

मंडळ कोणतंही असो, राज्य शासनाची मान्यता आणि यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा स्वतःचा क्रमांक, लागतोच. हा क्रमांक अकरा आकडी असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, रत्नागिरी जिल्ह्याचा २७३२ ने, सिंधुदुर्गाचा २७३३ ने, रायगडचा २७२४ ने. तिसऱ्या शाळेत मी तो मागितला, तर त्यांनी दुसऱ्याच तालुक्यातल्या त्यांच्या जुन्या शाळेचा क्रमांक लिहून दिला. ती शाळा मी तिथेच सोडली. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या, मान्यतेचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरची मुदतीची तारीख वाचा. एरवी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकटीत लावलेलं असतं, पण तारीख वाचायला कुणी जवळ जात नाही.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: पाचवीनंतर काय? पुढचे वर्ग इथेच आहेत का, असतील तर कोणत्या मंडळाचे? प्राथमिकला केंब्रिज आणि सहावीपासून पन्नास किलोमीटरच्या आत काहीच नाही, अशी गत झाली तर मुलाला तिथून पुस्तकं, पद्धत, सगळंच बदलावं लागतं. आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा मोठा आहे, कारण इथे शेजारी दुसरी तशी शाळा नसते.

साठ हजारांचे एक लाख दहा हजार कसे झाले

आता माझा हिशेब जसाच्या तसा देते, लपवण्यासारखं काही नाही. शिकवणी शुल्क ६०,००० रुपये. सत्र शुल्क पाच-पाच हजार दोनदा, म्हणजे १०,०००. उपक्रम शुल्क ६,५००. पुस्तकं-वह्या ७,२००. दोन गणवेश, खेळाचा वेगळा, दोन जोडी बूट मिळून ५,८००. बस महिना १,९०० प्रमाणे अकरा महिने, २०,९००. झाले १,१०,४००. शिवाय पहिल्या वर्षापुरतं प्रवेश शुल्क १५,००० आणि अनामत १०,०००. एकूण १,३५,४००.

यातली एकही रक्कम चोरून घेतलेली नव्हती. सगळी कुठे ना कुठे लिहिलेली होती, फक्त एका कागदावर नव्हती. सत्र शुल्क माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बसचं ड्रायव्हरच्या वहीत, गणवेशाचं दुकानातल्या चिठ्ठीवर. म्हणून जावेला मी पहिलं काम हे सांगितलं की वहीच्या एका पानावर पाच उभे रकाने आखायचे, पहिली ते पाचवी. डाव्या बाजूला प्रत्येक बाब. शाळेत जाऊन ते पान समोर ठेवायचं आणि त्यांच्याच माणसाकडून पहिला रकाना भरून घ्यायचा. कोणती रक्कम एकदाच, कोणती दर वर्षी, कोणती परत मिळणारी, हे प्रत्येकीपुढे लिहून घ्यायचं. काही शाळा हसतील. आमची आताची शाळा हसली नाही, तिथल्या लेखनिक बाईंनी शांतपणे सगळं भरून दिलं, आणि माझा अर्धा निर्णय तिथे झाला.

पुढचे रकाने आपण भरायचे. मी दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ धरते. त्या हिशेबाने माझ्या पहिल्या शाळेची बेरीज अशी होते: पहिली-दुसरी मिळून २,२०,८००, तिसरी-चौथी २,४२,८८०, पाचवी १,३३,५८४. त्यात प्रवेश शुल्क मिळवलं की ६,१२,२६४. आम्ही धरलेले होते तीन लाख. धाकटं भावंड असेल तर हीच बेरीज पुन्हा, आणि काही वर्षं दोघांची एकदम. भावंडांना सवलत आहे का ते विचारा आणि असेल तर ती शिकवणी शुल्कावर की एकूण रकमेवर, तेही विचारा.

पावतीवरचे शब्द फार जपून वाचा. माझी अनामत "परत मिळेल" असं तोंडी सांगितलं होतं. पावतीवर मात्र "विकास निधी, नापरतावा" असं छापलेलं. मुलीला काढून घेताना मी पैसे मागितले तेव्हा त्यांनी तीच पावती माझ्यापुढे धरली. दहा हजार गेले. रोज दुसऱ्यांच्या पावत्या तपासणारी मी, पण त्या दिवशी मुलीचा नवा गणवेश बघण्यातच माझं लक्ष होतं. देणगी म्हणून प्रवेशाच्या बदल्यात पैसे मागणं तर बेकायदाच आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९८७ पासून कायदा आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंड आहे. त्याच कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची चाचणी-मुलाखत घेण्यालाही मनाई आहे.

पावती तोडून, म्हणजे बाबवार, मागण्याचं आणखी एक कारण आहे. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्याला दोन मुलांपर्यंतच्या शिकवणी शुल्कावर दीड लाखाच्या एकूण मर्यादेत वजावट मिळते. विकास निधी, देणगी, बस यांच्यावर मिळत नाही. सगळं एका आकड्यात घातलेली पावती असेल तर तुमचा कर सल्लागारही काही करू शकत नाही.

फी कोण ठरवतं

हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, आधी कळायला हवं होतं. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमनाचा कायदा आहे आणि तो खासगी शाळांना लागू आहे, मंडळ कोणतंही असो. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा आणि त्याची कार्यकारी समिती हवी. अध्यक्ष मुख्याध्यापक, पण उपाध्यक्ष पालक. प्रत्येक इयत्तेचा एक पालक, एक शिक्षक. इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून नावं काढायची असतात. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा, समितीने मंजूर करायचा, आणि मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. माझा "दर दोन वर्षांनी" हा हिशेब त्यातूनच आला. समितीने ठरवलेली आणि व्यवस्थापनाने मागितलेली फी यांत पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतं. नंतरच्या दुरुस्तीने पंचवीस टक्के पालकांनाही एकत्र येऊन तिथे दाद मागता येते.

म्हणून प्रवेशाआधी सूचना फलकापाशी जाऊन समितीची नावं वाचा. मग त्यांतल्या एखाद्या पालकाला गाठून विचारा की मागची बैठक कधी झाली. माझ्या पहिल्या शाळेत समितीत नाव असलेल्या एका बाबांना आपलं नाव समितीत आहे हेच ठाऊक नव्हतं. आताच्या शाळेत मी स्वतः चिठ्ठीत नाव टाकलं आणि निघालं. बैठकीत माझं काम एकच: मागच्या वर्षीचा खर्च बाबवार मागायचा. पहिल्यांदा आवाज कापला होता, खरं सांगते. पण वेतनावर किती आणि जाहिरातीवर किती हे दोन आकडे शेजारी आले तेव्हा बाकीचे पालकही बोलायला लागले.

पैसा येतो कधी, फी लागते कधी

शहरातला पगारदार हा भाग सोडून देईल, पण आपल्यासाठी मला हाच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या वाडीत महिन्याच्या महिन्याला पगार येणारी घरं थोडी. बागायतदाराच्या हातात पैसा एप्रिल-मेमध्ये, तोही मोहोर टिकला तर. मच्छीमाराची बोट १ जूनला वर ओढली जाते ती ३१ जुलैपर्यंत, आणि दर्याला नारळ अर्पून पहिल्या फेऱ्या होईपर्यंत घरात नवा पैसा नाही. माझा नवरा जहाजावर असतो तेव्हा पगार, घरी असतो ते महिने कोरडे. आणि शाळेची मोठी रक्कम लागते जूनमध्ये, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी आणि छपराची डागडुजी उरकली न उरकली तोच.

पहिल्या शाळेत १५ जून चुकला की रोज पन्नास रुपये विलंब आकार होता. त्या वर्षी नवऱ्याचं कंत्राट मेमध्ये संपलं आणि मी एकवीस दिवस उशिरा पैसे भरले, म्हणजे १,०५० रुपये नुसते उशिराचे. दुसऱ्या शाळेत प्रवेशाआधीच अर्ज दिला: चाळीस टक्के मेमध्ये, तीस टक्के सप्टेंबरमध्ये, तीस टक्के डिसेंबरमध्ये. त्यांनी तो मंजूर केला आणि सहीशिक्क्यानिशी प्रत दिली. मच्छीमार घरांना मी सांगते की मोठा हप्ता ऑक्टोबरात मागा. शाळा नाही म्हणेल, पण प्रवेशाआधी विचारलं तर नाही म्हणणं त्यांना जड जातं. नंतर कोणी ऐकत नाही.

"बिनव्याजी मासिक हप्ते" अशी पत्रकं हल्ली शाळेच्या टेबलावर असतात. ते शाळेने दिलेले हप्ते नसतात, वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. एक हप्ता चुकला तर तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा गुणांक, खराब होतो, आणि मूल शाळेतून काढलं तरी कर्ज राहतं. प्रक्रिया शुल्क किती ते वाचल्याशिवाय सही करू नका.

जुलैत जाऊन बघा

शाळा बघायला सगळे जानेवारीत जातात, तेव्हा कोकणातली कुठलीही इमारत सुंदर दिसते. जमलं तर प्रवेशाच्या आदल्या जुलैत, धो धो पाऊस असताना, शाळा सुटायच्या वेळी जा. बस कुठे उभी राहते, मुलं भिजत चढतात का, वर्गाच्या भिंतींना ओल किती, दुपारी अंधारून आलं आणि वीज गेली की काय करतात. चकचकीत स्मार्ट बोर्ड विजेवर चालतो, आणि आपल्याकडे वादळात वीज किती दिवस जाऊ शकते ते २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-श्रीवर्धनकडच्या लोकांना दाखवलं आहे. रस्त्यात वहाळ किंवा साकव असेल तर पाणी चढल्यावर मुलांना कुठे थांबवतात, घरी कोण कळवतं, हे मुख्याध्यापकांना नाही, बसच्या ताईंना विचारा. ताई बसमध्ये असतेच का, हेही तेव्हाच कळेल. अतिवृष्टीची सुट्टी लागली तरी बसचे पैसे कापत नाहीत, हे धरूनच चाला.

सुट्ट्यांचा तक्ता मागून घ्या. गणपतीच्या दिवसांत घटक चाचणी ठेवणारी शाळा कोकणात असू शकते यावर माझा विश्वास नव्हता, पण मी ती पाहिली आहे. चाकरमानी घरी, आरत्या चालू आणि पोर कोपऱ्यात स्पेलिंग पाठ करतंय. तसं मला माझ्या मुलीचं करायचं नव्हतं.

शिक्षक किती वर्षं टिकतात हा प्रश्न जलतरण तलावापेक्षा महत्त्वाचा. पहिल्या शाळेत एका वर्षात माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका तीनदा बदलल्या. दुसऱ्या शाळेत मी तिसरीच्या कोणत्याही एका मुलाची गणिताची वही बघायला मागितली. वहीत लाल शाईने नुसतं "गुड" नव्हतं, चूक कुठे झाली ते लिहिलेलं होतं. प्राथमिकला शिक्षण हक्क कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. त्यामुळे वर्गात डोकी मोजा.

मराठीचं काय, हे जरूर विचारा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, केंब्रिज-आयबीसुद्धा त्यात आले. पण आठवड्याला तास किती आणि शिकवतं कोण, हे शाळेगणिक बदलतं. माझी मुलगी पहिल्या वर्षी आजीशी बोलताना अडखळायला लागली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्रीच्या गोष्टी सांगायच्या त्यांनी बंद केल्या. फीच्या वहीत न मावणारं हे नुकसान मला सगळ्यांत जास्त लागलं.

ज्यांना ही फी परवडत नाही त्यांनी एक वाट आधी बघावी. अल्पसंख्याक शाळा सोडल्या तर खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात, आठवीपर्यंत मोफत. पाटीवर इंटरनॅशनल असलं तरीही. अर्ज ऑनलाइन असतो, सोडत निघते, घर जवळ असेल त्याला आधी संधी. रहिवासाचा पुरावा, जन्मदाखला, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, कारण सेतू केंद्रातली रांग ऐन वेळी हलत नाही.

आणि बेरीज झेपत नसेल तर थांबायला लाजू नका. शेजारच्या वहिनींनी माझ्याबरोबर पाच रकाने भरले, शेवटचा आकडा बघितला आणि मुलाला जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत घातलं. तिथले गुरुजी चांगले आहेत हे त्यांनी स्वतः दोन दिवस बसून पाहिलं होतं. मुलगा आता दुसरीत आहे आणि माझ्या मुलीला पाढे तोच म्हणून दाखवतो.

शाळा बदलायची वेळ आलीच तर सत्र संपण्याच्या किती आधी लेखी कळवायचं हे नियमावलीत बघा, नाहीतर पुढच्या सत्राची फी मागतात. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, त्याच पत्रात अनामत परत मागा. दाखला अडवून धरला तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा, मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. मला तो चौथ्या दिवशी मिळाला, दुपारी तीनला, आणि साडेचारला मी नव्या शाळेच्या खिडकीशी उभी होते.